हॅलोरनचा गुडघा

९ जानेवारी, सोमवार. सकाळी सात.

नवी वही. बायकोने, सुझीने आणली, डॉक्टरांच्या तारखा लिहून ठेवायला. मी हिच्यात पुनरागमन लिहिणार आहे.

काल सही झाली. व्लाडो त्रायकोव, वय चौतीस, स्ट्रायकर, पुन्हा लीगमध्ये. कॉन्ट्रॅक्टवर लिहिलंय 'जखमी खेळाडूच्या जागी'. नाताळच्या आधी आमच्या क्लबच्या निक हॅलोरनचा डावा गुडघा गेला. तो बरा होईपर्यंत मी. डॉक्टर म्हणतात, मार्चच्या सुरुवातीपर्यंत. सुझीने विचारलं, आणि तो बरा झाल्यावर? मी म्हटलं, तोवर माझे इतके गोल झालेले असतील की त्यालाच जागा शोधावी लागेल. ती म्हणाली, मला ड्यूटीला उशीर होतोय.

संकल्प: १) दहा गोल. २) हंगाम संपेपर्यंत बुरेक (बाबांची चीज भरलेली तेलकट पेस्ट्री) बंद. ३) हॅलोरनच्या गुडघ्याबद्दल वाईट चिंतायचं नाही. पण गुडघा ही नाजूक गोष्ट आहे, घाई केलेली चांगली नाही, हेही खरंच.

११ जानेवारी

अडतीस डिग्री, इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. धावण्यात शेवटून पहिला. स्ट्रायकरने डोक्याने पळायचं असतं, हे आजकालच्या पोरांना कोणी शिकवत नाही.

बॉस म्हणजे आमचा कोच. मूळचा ग्लासगोचा, उन्हात टोमॅटोसारखा होतो. त्याने विचारलं, गुडघा कसा आहे? मी विचारलं, कुठला? म्हणाला, ज्याच्यामुळे तू जिन्यावरून आडवा उतरतोस तो. मी सांगितलं, ती माझी स्टाइल आहे.

१५ जानेवारी

पहिली मॅच. बारा मिनिटं मिळाली. चेंडूला चार वेळा पाय लागला. दोनदा ऑफसाइड, म्हणजे माझा विचार बाकीच्यांच्या पुढे धावतोय. गवताच्या उतारावर बसलेले लोक ओरडत होते, "आजोबा, काठी विसरलात!" मी हात वर केला. लोक अजून ओळखतात.

१९ जानेवारी

हॅलोरनला भेटून आलो. निव्वळ माणुसकी म्हणून. बाबांनी केलेलं बुरेक नेलं. (मी खाल्लं नाही. कडा खाल्ल्या.)

पोरगा चांगला आहे. सव्वीस वर्षांचा, मनाने साधा. मला म्हातारबा म्हणतो, त्यात आदर आहे. म्हणाला, तुझा तो अधांतरी मारलेला गोल मी बापाच्या शेजारी बसून पाहिला होता. बाप आयुष्यात त्या एकाच दिवशी मला मिठी मारून नाचला. मग मी तो गोल कसा मारला ते त्याला पाऊण तास समजावून सांगितलं. तो टीव्ही बघत होता, पण कान माझ्याकडे होते.

निघताना सहज विचारलं, गुडघा किती वाकतो? एकशे दहा अंश. नोंद केली.

२६ जानेवारी

सुटी. सुझीच्या भावाकडे, गोरानकडे, मांस भाजायचा कार्यक्रम. गोरानचं टाइल्सचं दुकान आहे. चिमटा हातात धरून म्हणाला, भावोजी, बाथरूम विभाग सांभाळायला घरचा माणूस हवाय, एप्रिलअखेरपर्यंत थांबतो. मी मोठ्याने हसलो, म्हटलं, गरजवंताला दे. सुझी हसली नाही. तिला विनोद जरा उशिरा कळतात.

गुडघा सुजला. गोरानच्या अंगणातली फरशी फार कडक आहे.

४ फेब्रुवारी

महत्त्वाचा दिवस. बॉस गाडीत बसत होता. मी पुढच्या वर्षाचं विचारलं. तो म्हणाला, "एक गोल तर टाक त्रायकोव, मग बोलू." शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतोय. एक गोल म्हणजे एक वर्ष. इतकं सरळ. दहाचा संकल्प रद्द करून एकावर आणला, कारण उगाच जास्त मारून पुढच्या वर्षासाठी काय उरणार?

सुझीला सांगितलं. तिने विचारलं, हे म्हणताना त्याने इंजिन बंद केलं होतं का? याचा काय संबंध ते मला कळलं नाही. नव्हतं केलं.

१२ फेब्रुवारी

साठ मिनिटं खेळलो. गोल नाही. खरं म्हणजे झालाच होता. समोर मोकळा गोल, चार पावलांवर. गवताचा एक झुपका मध्ये आला.

टीव्हीवर अकरा वेळा दाखवलं. संध्याकाळी बाबांचा फोन: "मी सगळ्या बाजूंनी पाहिलं रे. मागच्या बाजूने पाहिलं तर तुझी आईसुद्धा टाकेल असं वाटतं, देव तिला शांती देवो." बाबांनी एकतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर काढली. चेंडूतलं त्यांना फारसं कळत नाही.

१६ फेब्रुवारी

फिजिओ ब्रॉनविन हट्टाला पेटली आहे. माझ्या गुडघ्याचा स्कॅन हवा म्हणते. मी म्हटलं, जखमी तो आहे, मी त्याच्या जागी आलोय. दोघेही जखमी झाले तर लोक काय म्हणतील? शिवाय नियम काय सांगतो? जखमीच्या जागी आलेला जखमी झाला, तर त्याला फक्त घरी पाठवतात. त्यामुळे मी जखमी नाही.

सुझी हॉस्पिटलात एक्स-रे विभागात आहे. दहा मिनिटांचं काम, म्हणाली, ये आणि झोप मशीनखाली. मी नकार दिला. संसारात थोडं गूढ असावं.

सध्या बाबांच्या गॅरेजमध्ये जाऊन पाय फ्रीजरमध्ये ठेवतो, मटाराच्या पिशव्यांमध्ये. बाबा शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतात, काही विचारत नाहीत. पूर्वी त्यांचा पाय भाजला होता तेव्हा आई त्यांच्याशेजारी अशीच बसायची.

२२ फेब्रुवारी

हॅलोरन पळायला लागला. सरळ रेषेत, हळू. त्याचं हळू माझ्या जोरापेक्षा थोडं जास्त आहे, पण तो ताजातवाना आहे, दोन महिने झोपून होता.

नंतर माझ्याशेजारी बसला. विचारलं, म्हातारबा, तुला कराराचं काय म्हणाले? मी सांगितलं, एका गोलाचा प्रश्न आहे. किती मॅच उरल्या? चार. तो बराच वेळ बोटं मोडत बसला. माझ्या ध्यानात आलं. पोरगा मला घाबरलाय. मी एकदा गोल मारायला लागलो की त्याच्या जागेचं काय, ही चिंता. पाठीवर थाप मारून म्हटलं, घाई करू नकोस.

३ मार्च

वाईट बातमी. हॅलोरनचा गुडघा पुन्हा दुखावला. ब्रॉनविनने बॉसला सांगितलं, या हंगामात आता नाही. चोवीस तारखेला शेवटची मॅच, म्हणजे तोवर मीच.

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून. घरी येऊन दोन बुरेकं खाल्ली, दुःखात शरीर मागतं.

एक गोष्ट डॉक्टरी दृष्टीने नोंदवतो: तो आज उजव्या पायाने लंगडत होता. जखम तर डावीकडे. तरुण शरीर भार दुसऱ्या बाजूला टाकतं, त्यातून होत असावं. ब्रॉनविनला हे सांगितलं. ती छताकडे बघत राहिली. फिजिओ लोकांना बाहेरून कोणी शिकवलेलं आवडत नाही.

१० मार्च, शनिवार

बाबांच्या गॅरेजमध्ये आयवार, म्हणजे आमची भाजक्या मिरच्यांची चटणी. दरवर्षी उन्हाळा सरताना लाल मिरच्यांच्या पेट्या येतात, पत्र्यावर भाजायच्या, सोलायच्या, कढईत रटरटत ठेवायच्या. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मॅसेडोनियन गॅरेजांमधून आज एकच वास.

हॅलोरनला बोलावलं होतं. त्याच्या गुडघ्यावर आपली नजर असलेली बरी. तो उत्साहाने कामाला लागला. पेट्या दोन-दोन उचलून आणल्या. मग उकिडवा बसून तासभर मिरच्या सोलल्या. बाबा आमच्या भाषेत मला म्हणाले, "हा घोडा आजारी आहे म्हणतोस? कुठे?" मी त्यांना गप्प केलं. म्हटलं, आतली जखम आहे, तुम्हाला दिसायची नाही.

मग बाबांनी कढई ढवळता ढवळता काहीतरी जुनंच काढलं. म्हणे, भट्टीवर एखादा म्हातारा निवृत्तीला आला आणि त्याच्या पाळ्या कमी पडत असल्या, की बाकीचे आलटून पालटून आजारी पडायचे. एक म्हणायचा पोट, एक म्हणायचा पाठ. त्याच्या पाळ्या भरायच्या. म्हाताऱ्याला कोणी सांगायचं नाही. सांगितलं तर त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी विचारलं, हे आता मिरच्यांमध्ये कुठून आलं? बाबा म्हणाले, आठवलं. वय झालं त्यांचं.

हॅलोरनला दोन बरण्या दिल्या. त्याने बाबांच्या हाताचा मुका घेतला. आमची भाषा त्याला येत नाही, पण वळण आहे पोराला.

१८ मार्च

पर्थ. ०-२. हरलो, पण वैयक्तिक पातळीवर मी उंचावर होतो.

मुख्य म्हणजे टीमला अखेर माझा खेळ समजला. सगळे चेंडू माझ्याकडे! आमचा कॅप्टन गोलपासून पाच पावलांवर एकटा होता, तरी स्वतः न मारता मला पास दिला. मी डोकं घातलं, खांद्याला लागून वर गेला. ड्रेसिंग रूममध्ये बॉसने पाण्याची बाटली भिंतीवर मारली आणि बाकीच्यांना विचारलं, तुमच्या डोक्यात चाललंय तरी काय? सगळे बुटांच्या नाड्या बघत बसले.

आणि हे फक्त वहीला सांगतो: हॉलंडच्या एका क्लबचा माणूस आला होता. वही घेऊन बसलेला. हॅलोरन त्याच्या दोन रांगा पुढे, गुडघ्याला पट्टा बांधून. पहिल्या वीस मिनिटांत त्या माणसाने वही मिटली. मला वाटतं, त्याचं बघून झालं. चौतिसाव्या वर्षी युरोप! सुझीला थंडी सोसेल का हे विचारायला हवं.

२३ मार्च

उद्या शेवटची मॅच, आपल्याच मैदानावर. गोल झाल्यावर काय करायचं ते ठरवलं. गुडघ्यांवर घसरायचं नाही, उठता येणार नाही. हात पसरून उभं राहायचं. भारदस्त दिसतं.

सुझी येणार आहे. रजा काढली. सकाळी माझा गुडघा हातात धरून बसली होती. म्हणाली, व्लाडो, मी रोज शंभर गुडघे बघते, हा मला फोटोशिवाय कळतो. मी म्हटलं, फक्त उद्या. ती म्हणाली, बरं, उद्या. तिचे हात थंड होते. मी किती वर्षांत तिच्या हातांकडे बघितलंच नव्हतं.

२४ मार्च

लिहितो. ब्रॉनविनने पेन दिलं.

एकाहत्तराव्या मिनिटाला पेनल्टी. नेहमी कॅप्टन मारतो. त्याने चेंडू उचलला, चालत माझ्याकडे आला आणि माझ्या पोटाशी धरला. उतारावरचे लोक माझं नाव घेत होते. आजोबा नाही. नाव.

मी पळत आलो. गोलकीपर चुकीच्या बाजूला झेपावला, पूर्ण चुकीच्या. मी डावा पाय रोवला आणि उजवा उचलला, आणि डावा तिथे नव्हताच. आवाज आला. मी पडलो. चेंडूला पायाचा कोपरा लागला होता. तो घरंगळत निघाला. मी आडवा पडून त्याच्याकडे बघत होतो. इतका हळू, की गोलकीपर उठला, चड्डीचं गवत झटकलं, परत आला आणि वाकून त्याने तो उचलला.

दुखत नव्हतं तेव्हा. पण एक पाहिलं. मैदानाकडेच्या जाहिरातींच्या पाट्या ओलांडून हॅलोरन आला. एका उडीत. आणि पन्नास मीटर सुसाट, ब्रॉनविनच्या आधी पोचला. पट्टा वाटेत गळून पडला. तो पळताना बॉसने बघितलं, बेंचने बघितलं, उतारावरच्या सगळ्यांनी बघितलं. मी जमिनीवरून बघत होतो. दोन्ही पाय सारखे पडत होते. डावा गुडघा पूर्ण वाकत होता.

त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं. "सॉरी म्हातारबा, सॉरी," एवढंच म्हणत होता. मी विचारलं, किती दिवस झाले? तो रडायला लागला.

२७ मार्च, हॉस्पिटल

सुझीने स्वतः फोटो काढला. पडदा माझ्याकडे वळवला नाही. मी म्हटलं, दाखव. तिने वळवला. हाडावर हाड आहे, मधे काही नाही. म्हणाली, हे मॅचमधलं नाही व्लाडो, दोन वर्षांचं असेल. मॅचमधली फक्त शेवटची चिंधी. मग ती माझ्याशेजारी पलंगावर बसली, गणवेशासकट. तिथे बसायची परवानगी नसते.

बॉस येऊन गेला. द्राक्षं आणली, निम्मी स्वतः खाल्ली. त्याच्याकडून कळलं ते क्रमाने. हॅलोरन २९ फेब्रुवारीला ठणठणीत झाला होता. ब्रॉनविनच्या हातापाया पडला: म्हाताऱ्याला तीन मॅच मिळू देत, एक गोल होऊ दे. तिनेही मान डोलावली. मग त्याने एकेकाला गाठून टीमला सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं. त्या तीन मॅचमध्ये आम्हाला एक गुण मिळाला. दोन मिळाले असते तर बाद फेरीत गेलो असतो. हॉलंडचा माणूस हॅलोरनला बघायला आला होता, आठ महिन्यांपासून ठरलेलं. तो बसला पट्टा बांधून. त्या माणसाने परत जाऊन दुसऱ्याला घेतलं.

बॉसला विचारलं, आणि माझा एक गोल झाला असता तर? बॉस द्राक्षांच्या देठाकडे बघत म्हणाला, त्रायकोव, मी गाडीत बसत होतो रे.

२९ मार्च

हॅलोरनचा राग आला आहे. भयंकर. त्याला काय अधिकार? मी दया मागितली होती का? मी नऊ गोलांच्या हंगामाचा माणूस आहे. भीक नको मला. फोन आला, घेतला नाही. पुन्हा आला, नाही घेतला.

दुपारी

बाबा आले. आयवारची बरणी घेऊन, चमचा खिशात. मी विचारलं, तुम्हाला मिरच्यांच्या दिवशीच कळलं होतं ना? म्हणाले, पोरगा उकिडवा बसला तेव्हाच. मग मला का नाही सांगितलं सरळ? बाबा म्हणाले, "माझ्या शेवटच्या वर्षी भट्टीवरच्या स्तोयानला नऊ वेळा पोटदुखी झाली. मी त्याला नऊ वेळा ओवा हवा का, डॉक्टर हवा का विचारत गेलो. त्याने कधी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मला कळलं. तोवर तो वारला होता. आता तू फोन घे."

मी घेतला नाही. पण रागावलोय असं जे वर लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. मला लाज वाटते. एवढंच आहे ते. एका पोराने स्वतःचा युरोप माझ्या हातात ठेवला आणि मी त्याला सांगत होतो, घाई करू नकोस.

३० एप्रिल, सोमवार

आजपासून गोरानचं दुकान. बाथरूम विभाग. नावाची पट्टी मिळाली, त्यावर चुकून जुन्या माणसाचं नाव आहे. नवी येईपर्यंत मी त्याच्या जागी.

संकल्प: एकच. गिऱ्हाइकाला गोलाबद्दल सांगायचं नाही. (साडेअकराला एकाला सांगितला. त्याला निळ्या टाइल्स हव्या होत्या.)

दुपारी हॅलोरन आला. क्लबने त्याला ठेवलंय, एकाच वर्षावर, दंड म्हणून. दारात उभा, हातात धुतलेल्या दोन रिकाम्या बरण्या. बाबांना परत द्यायला. बराच वेळ टाइल्स बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, म्हातारबा, किती वाकतो?

चाळीस अंश. डॉक्टर म्हणतात, पन्नासच्या पुढे कधी जायचा नाही.

एकशे दहा, मी सांगितलं.

खरं? त्याने विचारलं. मी काउंटरच्या मागून बाहेर आलो, काठी तिथेच ठेवून. त्याला दारापर्यंत पोचवलं. अकरा पावलं, सरळ, लंगडलो नाही. हॉलंड गेलं तर गेलं, बेल्जियम आहे, असं काहीतरी बोलत होतो. पोराच्या चेहऱ्यावर रंग आला. गाडीत बसताना त्याने हात हलवला. मीही हात पसरून उभा राहिलो, ठरवलं होतं तसा, गाडी वळेपर्यंत.

मग तिथल्याच एका खोक्यावर बसलो. परत अकरा पावलं जाणं शक्य नव्हतं. डोळे पुसत होतो तेवढ्यात गोरान आतून ओरडला, भावोजी, त्या खोक्यावर बसू नका, माल फुटतो.